चष्मेबाई आणि आठाचा तीन

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. पण पाटी वाचता आली असती तर गिऱ्हाईक आत आलंच कशाला असतं? त्यामुळे सगळा भाग त्यांना चष्मेबाईच म्हणायचा. वय चौपन्न, अंगकाठी शिडशिडीत, गळ्यात साखळीला लटकवलेला वाचायचा चष्मा आणि बोलणं असं की समोरच्याला लपायला जागा म्हणून राहू नये.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत फ्रेमांची काचेची कपाटं. मागच्या खोलीत एक उंच खुर्ची, समोर आरसा, आणि खुर्चीच्या डोक्यावर उलट्या अक्षरांचा तक्ता, तो आरशात सुलटा दिसायचा. भिंगांची लाकडी पेटी होती, आत मखमलीच्या खाचा. त्या पेटीला हात लावायची परवानगी बाईंनी सख्ख्या नवऱ्यालाही दिलेली नव्हती. काही लोक नंबर कमी निघावा म्हणून बाहेर बसल्या बसल्या तक्ता पाठ करून यायचे आणि खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवायचे. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पाठांतर छान आहे हो तुमचं. आता दिसतं ते सांगा." दिसतं ते दिसतं म्हणायचं, दिसत नाही ते दिसत नाही म्हणायचं, एवढा एकच नियम त्या दुकानात होता.

आणि ह्याच बाईंनी एका मंगळवारी सकाळी, लख्ख उजेडात, रस्त्याच्या कडेला थांबलेल्या भल्यामोठ्या टेंपोला मागून धडक दिली. टेंपो निळा होता. वर पांढऱ्या अक्षरांत 'गाद्या' असं लिहिलेलं होतं. अक्षरं हातभर उंचीची होती.

झालं असं. बाई नेहमीप्रमाणे आपल्या करड्या छोट्या गाडीतून दुकानाकडे निघाल्या होत्या. पलीकडच्या फुटपाथवरून पोस्टातल्या बाई चालल्या होत्या. ह्या पोस्टातल्या बाई म्हणजे वीस वर्षांचं पक्कं गिऱ्हाईक. त्यांच्या नाकाचा उंचवटा, कानांमधला फरक, डावा डोळा किती आळशी, सगळं चष्मेबाईंना पाठ. आणि त्या नाकावर त्या दिवशी एक लालभडक फ्रेम होती. कोरी करकरीत. चष्मेबाईंच्या दुकानातली नसलेली.

बाईंनी मान वळवली. फ्रेम नीट पाहिली. ती नाकावरून जरा पुढे सरकली की काय म्हणून मान आणखी थोडी वळवली. तेवढ्यात गाडी टेंपोच्या मागच्या लोखंडी पायरीखाली अर्धीअधिक घुसली होती. असा आवाज झाला की आजूबाजूची कबुतरं उडाली. टेंपोचं दार उघडंच होतं. त्यातली एक जाडजूड गादी हळूच घरंगळली आणि चेपलेल्या बॉनेटवर येऊन आडवी झाली.

पट्टा लावलेला होता म्हणून बाई वाचल्या. खांद्याला करकचून वळ उठला, गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलं. सगळ्यात आधी धावत आल्या त्या पोस्टातल्या बाईच. त्यांनी दार ओढून उघडलं, चष्मेबाईंचा हात धरला आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "अहो, लागलं का कुठे? बोला ना! काहीतरी बोला!"

चष्मेबाई बोलल्या. म्हणाल्या, "ही फ्रेम कुठून घेतलीत?"

"अगबाई! भाचीनं दिली हो, वाढदिवसाला."

"सैल आहे. घसरतेय नाकावरून," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

*

संध्याकाळी घरी बैठक भरली. बैठकीला माणसं तीन. एक स्वतः बाई, खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेल्या. दुसरे त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना गाडी चालवता येत नसे, त्यामुळे ती कशी चालवावी ह्याबद्दल त्यांना कधीही शंका नसे. तिसरे बाईंचे धाकटे दीर. ते विम्याचे एजंट होते आणि गाडीची पॉलिसी त्यांनीच काढून दिलेली होती. घरातल्या कुणाचंही काही मोडलं, सांडलं, फुटलं की भावजींच्या चेहऱ्यावर काळजीच्या आत एक हलकासा उत्साह दिसायचा.

"वहिनी, अजिबात घाबरू नका," भावजी म्हणाले. "कंपनीला मी दुपारीच कळवलंय. पोलिसांची नोंद झालीय, टेंपोवाल्याची काही तक्रार नाही. गाडी मेस्त्रींच्या गॅरेजात पोचलीय. आता फक्त हा फॉर्म."

फॉर्म चार पानी होता. तीन पानं पटापट भरून झाली. चौथ्या पानावर घोडं अडलं. तिथे छापलं होतं: 'अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहा.' खाली तीन टिंबटिंबांच्या ओळी.

"कुत्रं आडवं आलं, असं लिहा," भावजी म्हणाले.

"आलं नव्हतं."

"अहो, नव्हतं, पण कुत्र्याला कोण विचारायला जातंय?"

"कुठल्या रंगाचं लिहायचं?" मास्तरांनी वर्तमानपत्राआडून विचारलं. "नाही, म्हणजे उद्या उलटतपासणी झाली तर आपल्या तिघांचं कुत्रं एकच हवं."

"अहो, तुम्ही गप्प बसा!" बाई कडाडल्या. मग भावजींकडे वळल्या. "खरं लिहिलं तर पैसे मिळत नाहीत का?"

"मिळतात ना. चूक आपली असली तरी मिळतात. दारू प्यायला नव्हतात, लायसन्स आहे, पॉलिसी चालू आहे. पण म्हणून सगळंच्या सगळं लिहायचं नसतं. 'लक्ष विचलित झाल्याने' एवढं पुरे."

"कशानं विचलित झालं, हे विचारतील."

"नाही विचारणार."

"मी असते तर विचारलं असतं."

झालं. तिथून पुढे तासभर बाई त्या तीन ओळींशी झटत होत्या. आधी कच्च्या कागदावर लिहिलं, 'समोर टेंपो थांबला होता.' मग खोडलं. त्यात टेंपोचीच चूक असल्यासारखं वाटत होतं. 'एका परिचित व्यक्तीस पाहिल्याने' असं लिहिलं, तर मास्तर म्हणाले, "हे वाचून लोक माझी कीव करतील." शेवटी बाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि एका दमात फॉर्मवरच लिहून टाकलं: 'रस्त्यापलीकडून जाणाऱ्या ओळखीच्या बाईंच्या नव्या चष्म्याकडे मी बघत होते, त्यामुळे पुढे थांबलेला टेंपो दिसला नाही. चूक माझी आहे.' खाली सही. सहीखाली, सवयीनं, दुकानाचा शिक्का.

भावजींनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, पंचवीस वर्षं एजंट आहे मी. कुत्री वाचली, गायी वाचल्या, एकदा तर मोरसुद्धा वाचला. असं कुणी लिहिलेलं वाचलं नव्हतं."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मास्तर म्हणाले. पण उठून बर्फाची पिशवी त्यांनीच बदलली.

*

विमा कंपनीनं गाडी बघायला एक सर्व्हेअर पाठवला. तो ज्या वेळी गॅरेजात आला, त्या वेळी बाईंच्या खुर्चीत एक आजोबा बसलेले होते आणि त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले होते, त्यामुळे त्यांना सोडून जाणं शक्य नव्हतं. पाहणी झाली ती मेस्त्रींच्या समोर. सर्व्हेअरसाहेबांनी फोटो काढले, मोजमापं घेतली, बॉनेटचा उरलासुरला पत्रा वर करून आत डोकं घातलं, बॅटरीच्या उजेडात चासीचा नंबर वाचून वहीत लिहिला आणि वीस मिनिटांत निघून गेले. चासी म्हणजे गाडीच्या खालचा सांगाडा. त्याच्या लोखंडावर सतरा अक्षरांचा आणि आकड्यांचा एक नंबर ठोकलेला असतो. माणसाच्या अंगावर जन्मखूण असावी तसा तो त्या एकाच गाडीचा असतो, दुसऱ्या कुठल्या गाडीचा नसतो.

बाराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. पत्रात फार सभ्य भाषेत म्हटलं होतं, की आपला दावा तूर्त मंजूर करता येत नाही.

बाई दुकान बंद करून थेट कंपनीच्या शाखेत गेल्या. काचेमागे एक तरुण कारकून बसली होती, केस घट्ट बांधलेले, समोर दोन स्क्रीन. तिनं फाइल उघडली, चौथं पान वाचलं, एकदा बाईंकडे पाहिलं, ओठ दाबून हसू गिळलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा चासी नंबर जुळत नाहीये. पॉलिसीत शेवटून चौथा आकडा आठ आहे आणि सर्व्हे रिपोर्टमध्ये तीन."

"मग?"

"म्हणजे जी गाडी ठोकली गेलीय ती आणि जिचा विमा आहे ती, ह्या दोन वेगळ्या गाड्या आहेत."

"माझ्याकडे एकच गाडी आहे हो."

"रेकॉर्डप्रमाणे दोन दिसतात."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग माझी दुसरी, विम्याची गाडी कुठे आहे?"

"ते आम्हाला कसं सांगता येईल, मॅडम?"

"पण ती धडधाकट आहे ना?"

कारकून मुलीनं प्रामाणिकपणे स्क्रीनवर पाहिलं. "तिच्या अपघाताची काही नोंद तरी नाही."

घरी येऊन बाईंनी हे सांगितलं तेव्हा मास्तर आनंदानं टाळी वाजवून उठले. "मग चल की! दोन गाड्यांचे मालक झालो आपण! कुठे लावलीय विचारलंस का? पंक्चर तपासून आणू." बाईंनी त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला, कारण मास्तरांना स्वतःचा चष्मा सापडेना.

भावजींनी फोनांचा सपाटा लावला. कंपनी म्हणे सर्व्हेअरशी बोला. सर्व्हेअर म्हणे माझा रिपोर्ट बरोबर आहे, कंपनीशी बोला. भावजींनी नोंदणीचं पुस्तक दाखवलं, जुनी पॉलिसी दाखवली. प्रत्येक वेळी उत्तर एकच, की कागदावर आठ आहे हे आम्हालाही दिसतंय, प्रश्न लोखंडावर काय आहे हा आहे. तीन आठवडे असे गेले. बाई रोज पायी दुकानात जात होत्या. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय चष्मेबाई, मिळाली का गाडी?" आणि थोडं पुढे गेल्यावर त्याचा खांदा हसण्यानं हलताना दिसायचा. दूरचं फार स्वच्छ दिसतं ह्याचा बाईंना त्या दिवसांत पहिल्यांदाच त्रास झाला.

शेवटी भावजींनी वरच्या साहेबांपर्यंत जाऊन दुसऱ्या पाहणीचा हुकूम मिळवला. "ह्या वेळी मी समोर उभी राहणार," बाईंनी जाहीर केलं आणि दुकानावर 'दुपारी उघडेल' अशी पाटी लावली.

*

सर्व्हेअरसाहेब उंच होते. शर्टाला कडक इस्त्री, केस नुकतेच काळे केलेले, वय पन्नाशीच्या अलीकडे पण फार अलीकडे नाही. आल्या आल्या त्यांनी नाराजी दाखवली. "बावीस वर्षं नंबर वाचतोय, बाई. आजवर कुणी मला दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं."

"मग नीट वाचा ना, तिसऱ्यांदा कशाला यायला लागावं?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी बॅटरी पेटवली, वाकले, आत डोकं घातलं. आणि बाई बघत राहिल्या. गाडीकडे नाही; साहेबांकडे. साहेबांनी आधी मान मागे घेतली. मग हनुवटी वर केली. मग डोळे बारीक केले. मग बॅटरीचा हात लांब केला, आणि तो आणखी लांब जाईना तेव्हा स्वतःच अर्धं पाऊल मागे आले.

गेली तीस वर्षं बाई रोज चार-पाच वेळा हेच बघत आल्या होत्या. त्यांच्या पोटातला तीन आठवड्यांचा राग एकदम जागच्या जागी बसला आणि त्याच्या जागी धंद्याचं कुतूहल उठलं.

"तीन," साहेब म्हणाले. "स्पष्ट तीन आहे."

बाईंनी पर्समधून एक छोटं कार्ड काढलं. जवळचं वाचायचं कार्ड, वरून खाली अक्षरं बारीक होत जाणारं. ते त्यांच्या पर्समध्ये कायम असायचं. दुसऱ्या बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसं. "साहेब, एवढं जरा वाचता?"

"हे कशाला?"

"सहज."

साहेबांनी कार्ड घेतलं, हात लांब केला. "इथे लाईट कमी आहे."

मेस्त्री तिथेच उभे होते, टायरला टेकून. त्यांनी न बोलता गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं. दुपारचं ऊन भसकन आत आलं.

"आता?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी कार्ड पुढे केलं, मागे केलं. "आता फार चमकतंय."

"साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली धार आपोआप गेली होती, "दोष उजेडाचा नाही. तुमचा हात आखूड पडायला लागलाय."

"माझे डोळे उत्तम आहेत! मला तो समोरच्या इमारतीवरचा बोर्ड दिसतो, टेलिफोन नंबरासकट!"

"दिसणारच. लांबचं दिसतं म्हणूनच जवळचं दिसत नाही हे माणूस कबूल करत नाही."

"वाद कशाला?" मेस्त्री म्हणाले. ते फार कमी बोलायचे, बहुतेक वेळ हाताशी पाना असायचा म्हणून. "छाप घेऊ की. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्यांनी एक पातळ कागद आणला. वाकून तो नंबराच्या जागी चिकटपट्टीनं बसवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून कागदावरून हळूहळू फिरवली. लहान मुलं नाण्याचा छाप घेतात तसं. राखाडी पट्ट्यातून एकेक अक्षर वर यायला लागलं. शेवटून चौथा आकडा आला. दोन गोल, एकावर एक, दोन्ही पूर्ण बंद. इंग्रजी आकड्यांत आठ आणि तीन ही सख्खी भावंडं, एकाचं तोंड मिटलेलं आणि दुसऱ्याचं उघडं, इतकाच काय तो फरक. पण इथलं तोंड गच्च मिटलेलं होतं.

मेस्त्रींनी कागद काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो लांब धरला. खूप लांब. मग खाली केला.

ह्या क्षणासाठी बाईंनी मनात तीन वाक्यं तयार करून ठेवलेली होती. तिन्ही झणझणीत होती. पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांना एकही आठवेना. साहेब एका पडलेल्या टायरवर बसले, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता.

"कधीपासून असेल हे?" त्यांनी विचारलं.

"दोनेक वर्षं तरी."

"दोन वर्षं." साहेबांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "आठ महिन्यांपूर्वी एक व्हॅनवाला होता. शाळेची मुलं ने-आण करणारा. त्याचाही नंबर जुळला नव्हता. असाच, एका आकड्यानं. ऑफिसात येऊन माझ्यावर ओरडला. मी म्हणालो, माझी चूक होत नसते. तिथून पुढे तो आलाच नाही. दावा नामंजूर झाला."

मेस्त्रींनी पाना उचलला आणि तो फडक्यानं पुसत राहिले, जरी तो स्वच्छ होता.

"उद्या सकाळी दहाला दुकानात या," बाई म्हणाल्या. "आधी डोळे बघू. बाकीचं त्यानंतर."

*

साहेब पावणेदहालाच हजर होते. खुर्चीत बसल्यावर मात्र बावीस वर्षांचा तोरा गळून ते शाळेतल्या मुलासारखे ताठ झाले. लांबचा तक्ता त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचला आणि अभिमानानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी जवळचं कार्ड हातात दिलं. तिथे गाडी दुसऱ्याच ओळीत बंद पडली.

बाईंनी जड गोल चौकट त्यांच्या नाकावर चढवली, पेटीतलं एक भिंग उचलून खाचेत सरकवलं, दुसरं सरकवलं. "आता बरं की आता?"

"आता."

"आणि आता?"

साहेबांनी कार्ड खालपर्यंत वाचलं. मग कार्डाच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव वाचलं. मग स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. "इतक्या रेषा होत्या?"

"होत्या पहिल्यापासून."

फ्रेम निवडायला चाचणीच्या दुप्पट वेळ लागला. ही फार वयस्कर, ती फार पोरकट, त्यात नाक मोठं दिसतं. शेवटी अशी एक मिळाली की जी घातल्यावर माणूस विचारवंत वाटतो, निदान न बोलता बसला तर. पैसे द्यायच्या वेळी साहेब घसा खाकरून म्हणाले, "बाई, पक्की पावती लागेल. तुमचा क्लेम माझ्या हातात आहे. फुकट घेतला असं व्हायला नको."

"फुकट देतंय कोण?" बाई म्हणाल्या.

चष्मा तयार झाला त्या दिवशी साहेबांनी दुकानातल्याच टेबलावर बसून सुधारित रिपोर्ट लिहिला. पेन्सिलीचा छाप जोडला, नवे फोटो जोडले. त्यात एक रकाना होता, 'दुरुस्तीचे कारण'. साहेबांचं पेन तिथे येऊन थांबलं. बाई काउंटरमागे काचा पुसत होत्या आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हत्या, म्हणजे तिरक्या नजरेनं बघत होत्या. साहेबांनी दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. मग लिहिलं: 'पहिल्या पाहणीत नंबर वाचण्यात माझी चूक झाली.' आणि कागद बाईंकडे सरकवला.

"मला कशाला दाखवताय?"

"तुमचं चौथं पान मी वाचलंय," साहेब म्हणाले. "सगळ्या ऑफिसनं वाचलंय."

*

दावा मंजूर झाला, पण बाईंना वाटत होता तसा नाही. गाडी दुरुस्त होऊन येईल अशी त्यांची समजूत होती. कंपनीचं म्हणणं पडलं की सांगाडाच वाकलाय. दुरुस्तीला जो खर्च येईल तो गाडीच्या किमतीच्या पाऊण हिश्शाहून अधिक. तेव्हा गाडी कंपनी घेणार आणि विम्यात धरलेली किंमत बाईंना देणार. 'टोटल लॉस', भावजींनी समजावून सांगितलं, आणि वर म्हणाले, "वहिनी, ही तर चांगली बातमी!"

बाईंनी मेस्त्रींना फोन लावला. "मेस्त्री, तुम्हाला ठाऊक होतं का?"

"पहिल्याच दिवशी, ताई," मेस्त्री म्हणाले. "तुम्ही रोज चौकशी करत होता. तोंड होईना सांगायला."

गाडीतलं सामान काढून आणायला बाई निघाल्या तेव्हा मास्तर चप्पल घालून दारात उभेच होते. गॅरेजात जाऊन दोघांनी गाडी रिकामी केली. सीटखालून काचा पुसायची अकरा फडकी निघाली, मास्तरांची हरवलेली दोन पेनं निघाली, आणि एक पिवळा पडलेला कागद, ज्यावर मास्तरांच्या अक्षरात 'क्लच, गिअर, मग अॅक्सिलरेटर' असं लिहिलेलं होतं. बाई गाडी शिकल्या त्या पंचेचाळिसाव्या वर्षी. दुकान त्यांचं, कमाई त्यांची, गाडी त्यांनी स्वतः जाऊन निवडली. तरी पहिले सहा महिने चौकात गाडी बंद पडली की मागच्यांचे भोंगे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा शेजारी बसून मास्तर तो कागद वाचून दाखवायचे.

मास्तरांनी कागद नीट खिशात ठेवला. टपावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना काहीतरी विनोद करायचा असावा, पण तो सापडत नव्हता.

"नऊ वर्षं मी हिच्यात डोळे मिटून बसलो," अखेर ते म्हणाले. "इतका विश्वास होता."

"विश्वास कसला? भीती वाटायची तुम्हाला."

"तेही होतं."

ओढून नेणारा ट्रक आला. गाडी साखळीनं वर चढली, तिचं चेपलेलं तोंड आभाळाकडे झालं, आणि ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बाई बघत राहिल्या. परतताना दोघं पायीच आले आणि मास्तर वाटेत एकदाही तिरकं बोलले नाहीत, ह्याची बाईंना इतकी काळजी वाटली की त्यांनी घरी येऊन त्यांचा ताप बघितला.

व्हॅनवाल्याचं प्रकरण अवघड होतं. त्याची व्हॅन केव्हाच भंगारात गेली होती. छाप घ्यायला लोखंडच उरलं नव्हतं. साहेबांनी जुन्या फायली उपसल्या आणि त्या वेळचा स्वतःच काढलेला एक फोटो शोधून काढला, ज्यात नंबर तिरका पण पुरता आलेला होता. तो मोठा करून घेऊन ते त्याच्या घरी गेले. व्हॅनवाला दारातच अर्धा तास ओरडला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अर्ज पुढे केला. कंपनीनं आणखी दोन महिने लावले, पण पैसे दिले. हे साहेबांनी एके दिवशी चष्म्याची नाकावर टेकणारी चकती बदलून घ्यायला आले असताना सांगितलं, तेही अगदी निघता निघता. "दहा महिने तो दुसऱ्याच्या गाडीवर चाकरी करत होता, बाई," एवढं म्हणून ते पायऱ्या उतरले.

बाईंनी त्याच सुमाराला एक जुनी गाडी घेतली, पांढरी, आधीच्यापेक्षा थोडी बुटकी. भावजी नवी पॉलिसी घेऊन तत्परतेनं हजर झाले. पेन उघडून म्हणाले, "वहिनी, इथे सही, इथे सही आणि मागच्या पानावर एक."

बाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. "आधी वाचते."

"अहो, हे कुणी वाचत नसतं! फार बारीक अक्षर आहे."

ह्या वाक्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. बाईंनी बत्तीस पानं पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला घेतली. मास्तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून सरसावून बसले, दर कलमाला ते भावजींना "म्हणजे काय रे?" असं विचारत होते आणि भावजी आधी झटपट, मग जपून, मग घाम पुसत उत्तरं देत होते. अकराव्या पानावर भावजींनी पॉलिसी स्वतःच्या हातात मागून घेतली, हात लांब करून एक कलम दोनदा वाचलं आणि चकित होऊन म्हणाले, "अरेच्चा, हे मिळतं होय?"

"पुढे वाचा, भावजी," बाई म्हणाल्या. "पण जरा जवळ धरून वाचा बघू."